साखर आटोक्यात येत नाही? एकदा मनाचीही चौकशी करा

साठीचे एक गृहस्थ पत्नीसोबत तपासणीला येतात. मधुमेह बारा वर्षांपासून. पहिली दहा वर्षे साखर बऱ्यापैकी ताब्यात होती. निवृत्तीनंतर ती वाढू लागली, गोळ्या वाढवल्या, मग इन्सुलिन सुरू केले, इन्सुलिनचे युनिट दोनदा वाढवले. तरी एचबीए१सी ९.८. फाइल जाडजूड झाली आहे, आहाराचा तक्ता स्वयंपाकघरात चिकटवलेला आहे. "आता आणखी काय करायचं?" असे विचारून ते खाली बघत बसतात.

पत्नी म्हणतात, "डॉक्टर, साखरेचं राहू द्या. हे आता कट्ट्यावर जात नाहीत. भजनी मंडळ सोडलं. नातू आला तरी टीव्ही बंद करून आत जाऊन झोपतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही, थकवा आहे."

वरचे काका म्हणजे कोणी एक व्यक्ती नाही. अनेक रुग्णांच्या अनुभवांवरून हे चित्र उभे केले आहे. पण मधुमेहाच्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून एकदा तरी असे कोणी भेटतेच. त्यांच्या फाइलमध्ये किडनीची, डोळ्यांची, कोलेस्टेरॉलची तपासणी असते. मनाची चौकशी मात्र कुठेच नोंदवलेली नसते.

थोडक्यात

- मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळते.
- नैराश्यामुळे साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेमुळे मन आणखी खचते. संबंध दोन्ही बाजूंनी आहे.
- "एवढा आजार आहे, मग उदास वाटणारच" असे म्हणून दुर्लक्ष करू नये. नैराश्यावर उपचार होतात आणि ते मधुमेहासोबत घेता येतात.
- जगणे नकोसे वाटत असेल तर वाट पाहू नये. 'टेली-मानस' हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येते.

मधुमेह आणि नैराश्य एकत्र का दिसतात?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे मधुमेहासोबत नैराश्यही असलेल्यांची संख्या लहान असणे शक्यच नाही.

दीर्घकाळ चालणाऱ्या इतर आजारांतही हेच दिसते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण पाचातल्या एका रुग्णाला, तर पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येते. कर्करोग, संधिवात, क्षयरोग, दमा, डायलिसिस या सगळ्यांत ते नेहमीपेक्षा जास्त आढळते. या लेखात आपण मधुमेहाचे उदाहरण घेतले आहे, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरात ओळखीचा आहे आणि त्यात मनाचा परिणाम आकड्यांत दिसतो. बाकीच्या आजारांनाही यातले बरेचसे लागू पडते.

हे नाते उलट्या दिशेनेही चालते. २००८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात नैराश्य असलेल्या व्यक्तींना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी जास्त असल्याचे दिसले. म्हणजे काहींच्या बाबतीत मन आधी खचते आणि साखर नंतर वाढते, तर काहींच्या बाबतीत याच्या उलट घडते. कोण आधी आले हे शोधत बसण्यापेक्षा दोन्हींकडे लक्ष देणे महत्त्वाचे.

मन खचले की साखर का वाढते?

यात दोन रस्ते आहेत. एक शरीरातून जातो, दुसरा रोजच्या वागण्यातून.

*शरीरातून जाणारा रस्ता.* संकट आले की शरीर कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनॅलिन ही संप्रेरके सोडते. पळायला किंवा लढायला ताकद मिळावी म्हणून ती यकृतातली साखर रक्तात आणतात. कुत्रा मागे लागला तर हे उपयोगाचे आहे. पण काळजी आणि उदासी महिनोन्महिने टिकली तर हीच यंत्रणा सतत थोडीफार चालू राहते. कॉर्टिसॉल जास्त काळ वाढलेले राहिले की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि पोटाभोवती चरबी साठते. नैराश्यात अनेकांच्या शरीरात सौम्य स्वरूपाचा दाहही वाढलेला आढळतो, तोही इन्सुलिनच्या आड येतो. त्यात झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि साखर आवरणे अवघड होते. म्हणूनच काही जण "मी काहीच जास्त खाल्लं नाही, तरी साखर वाढली" असे सांगतात, तेव्हा ते खोटे बोलत असतात असे नाही.

*वागण्यातून जाणारा रस्ता.* मधुमेह हा रुग्णाने स्वतः रोज सांभाळायचा आजार आहे. वेळेवर गोळी, मोजून खाणे, चालणे, पायांची तपासणी, ग्लुकोमीटर, तीन महिन्यांनी रक्त तपासणी. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी "उद्या बरे असावे" अशी इच्छा लागते. नैराश्य नेमकी तीच इच्छा काढून घेते. मग चालणे बंद होते, गोळ्या राहून जातात, जेवणाऐवजी चहा-बिस्किटांवर दिवस निघतो, तंबाखू किंवा दारू वाढते. बाहेरून हा आळस किंवा बेफिकिरी दिसते. घरचे रागावतात, डॉक्टर रागावतात आणि रुग्ण आणखी गप्प होतो.

वरच्या काकांना कोणी तरी शांतपणे विचारायला हवे होते, "काका, आठवड्यातून किती वेळा इंजेक्शन राहून जातं?" असे विचारले की उत्तर मिळते. "घेता ना वेळेवर?" असे विचारले की फक्त मान डोलते. काका आठवड्यातून तीन-चार दिवस इन्सुलिन घेतच नव्हते. डॉक्टरांना वाटले डोस कमी पडतोय, म्हणून त्यांनी तो वाढवला. मग ज्या दिवशी काका पूर्ण डोस घ्यायचे, त्या दिवशी साखर एकदम खाली जाऊन दरदरून घाम यायचा. त्या भीतीने पुढचे दोन दिवस इंजेक्शन पुन्हा बंद. मनाची चौकशी न करण्याचा धोका हा असा शरीरापर्यंत येऊन पोहोचतो.

मधुमेहामुळे मन का खचते?

साखर खूप वाढलेली असली की थकवा येतो, रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागते, झोप मोडते. पायांत मुंग्या, आग, रात्रीच्या वेळी वाढणाऱ्या वेदना असतील तर माणूस चिडचिडा होतो. पुरुषांमध्ये मधुमेहामुळे लैंगिक शक्ती कमी होऊ शकते. त्याबद्दल ना पत्नीशी बोलणे होते ना डॉक्टरांशी, आणि आत्मविश्वास आतल्या आत संपत जातो. यावर उपचार आहेत, म्हणून संकोच न करता विचारावे.

याशिवाय आजाराचे ओझे असते. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांच्या नजरा आपल्या पानावर. औषधांचा दरमहाचा खर्च. "मुलांवर भार होईन" ही चिंता. आणि सगळ्यात खोल म्हणजे भीती. काकांच्या वडिलांना मधुमेह होता. त्यांचे इन्सुलिन सुरू झाले, वर्षभरात पायाला गँगरीन होऊन पाय कापावा लागला आणि पुढे काही महिन्यांत ते गेले. घरात त्याचा अर्थ असा लावला गेला की इन्सुलिन म्हणजे शेवट. काकांच्या हातात पहिल्यांदा इन्सुलिनचे पेन आले, त्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात स्वतःचे दिवस मोजायला सुरुवात केली. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.

खरे तर इन्सुलिनमुळे पाय जात नाही. अनेक वर्षे वाढलेली साखर, बधिर झालेले पाय, कमी झालेला रक्तपुरवठा आणि वेळेवर न दिसलेली जखम यांमुळे तो जातो. पूर्वी इन्सुलिन फार उशिरा सुरू केले जाई, म्हणून लोकांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या.

थकवा मधुमेहाचा की नैराश्याचा?

हा प्रश्न डॉक्टरांनाही चकवतो. थकवा, झोपेतील बदल, वजन आणि भुकेतील फरक ही लक्षणे दोन्हींत असतात. शिवाय आपल्याकडे "मला नैराश्य आले आहे" असे फार कमी लोक म्हणतात. ते म्हणतात, "अंगात त्राण नाही", "हातपाय गळून गेल्यासारखे वाटतात", "डोकं जड आहे", "कशात मन लागत नाही", "करमत नाही". ज्येष्ठ नागरिकांमध्ये तर रडण्यापेक्षा अंगदुखी आणि चिडचिडच जास्त दिसते.

म्हणून दोन प्रश्न स्वतःला किंवा घरातल्या व्यक्तीला विचारून पाहा. गेल्या दोन आठवड्यांत:

१. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का?
२. मन उदास, खचलेले किंवा निराश राहते आहे का?

यांपैकी एकाचेही उत्तर "बहुतेक दिवशी हो" असे असेल तर डॉक्टरांशी बोलावे. त्यानंतर डॉक्टर साधारणतः 'पीएचक्यू-९' नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. त्यात ० ते २७ गुण असतात. १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर सविस्तर तपासणीची गरज असते. केवळ गुणांवरून निदान होत नाही, पण बोलायला सुरुवात होते.

नैराश्याची आणखी एक खूण म्हणजे स्वतःला दोष देणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे. साध्या थकव्यात माणूस म्हणतो, "जायचं होतं, पण अंगात ताकद नव्हती." नैराश्यात तो म्हणतो, "जाऊन तरी काय करायचं?"

आजाराचा वैताग आणि नैराश्य

प्रत्येक उदासी म्हणजे नैराश्य नव्हे. वर्षानुवर्षे पथ्य, सुया आणि आकडे सांभाळून येणारा वैताग वेगळा असतो. वैद्यकीय भाषेत त्याला 'मधुमेहाशी निगडित ताण' म्हणतात. अशी व्यक्ती नातवाशी खेळते, मालिका आवडीने बघते, मित्रांत हसते. पण ग्लुकोमीटर हातात घेतला की तिला नको नको होते. या वैतागावर गोळ्यांची गरज सहसा नसते. उपचार सोपे करणे, उद्दिष्टे थोडी शिथिल करणे, बोलायला वेळ देणे, इतर मधुमेहींना भेटणे यांचा उपयोग होतो. नैराश्यात मात्र जगण्याच्या सगळ्याच अंगांवर सावली पडते.

वैताग दुर्लक्षित राहिला तर तोही साखर बिघडवतो. म्हणून तोही डॉक्टरांना सांगण्यासारखाच आहे.

छातीत धडधड, घाम, थरथर: घबराट की साखर कमी झाली?

चिंतेचा तीव्र झटका आणि साखर अचानक कमी होणे, या दोन्हींत धडधड, घाम, हात थरथरणे, अस्वस्थता होते. अंदाज बांधू नका. ग्लुकोमीटरने साखर मोजा.

- साखर ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर लगेच तीन ते चार चमचे साखर पाण्यात घालून प्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. बरे वाटल्यावर काहीतरी खाऊन घ्या.
- मोजायची सोय नसेल आणि तुम्ही इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर साखर कमी झाली असे समजूनच उपाय करा.
- व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नका. तिला कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.
- साखर ठीक असूनही छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर "टेन्शनमुळे असेल" असे ठरवू नका. मधुमेहात हृदयविकाराचा झटका फारसे न दुखताही येऊ शकतो. तातडीने रुग्णालयात जा.
- हे सगळे वगळल्यावर, साखर नेहमीसारखी असतानाही असे झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर चिंताविकाराचा विचार करावा लागतो. त्यावरही चांगले उपचार आहेत.

नैराश्य ठरवण्यापूर्वी कोणत्या तपासण्या?

काही शारीरिक कारणे नैराश्यासारखीच दिसतात. ती आधी पाहून घ्यावी लागतात.

- *थायरॉइड:* थायरॉइडचे काम मंदावले की सुस्ती, वजनवाढ, उदासी येते. टीएसएच तपासणीत ते कळते.
- *व्हिटॅमिन बी-१२:* मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते. शाकाहारी व्यक्तींमध्ये ते आधीच कमी असण्याची शक्यता असते. त्यामुळे थकवा, मुंग्या, विसराळूपणा, उदासी येऊ शकते.
- *हिमोग्लोबिन आणि किडनीचे कार्य.*
- *झोपेतील श्वासाचा अडथळा:* मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा पेंग येणे असे असेल तर डॉक्टरांना सांगा.
- *चालू औषधे:* स्टेरॉइडसारखी औषधे मनःस्थिती आणि साखर दोन्ही बिघडवू शकतात. आयुर्वेदिक किंवा इतर पुड्या घेत असाल तर तेही लपवू नका.

यातले एखादे कारण सापडले म्हणजे नैराश्य नाही, असेही नाही. दोन्ही एकत्र असू शकतात.

उपचार: दोन्ही आजारांचे एकत्र

"आधी साखर आणू खाली, मन आपोआप ठीक होईल" किंवा "आधी मन ठीक होऊ दे, मग साखरेचं बघू", या दोन्ही विचारांत वेळ जातो. भारतातच झालेल्या एका अभ्यासात चार मधुमेह दवाखान्यांतील ४०४ रुग्ण सहभागी झाले होते. त्यांना नैराश्यही होते आणि साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही आटोक्यात नव्हते. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या मदतीला एक प्रशिक्षित समन्वयक दिला होता. तो नियमित चौकशी करायचा, अडचणी समजून घ्यायचा, आणि मानसोपचारतज्ज्ञ व मधुमेहतज्ज्ञ मिळून उपचार बदलायचे. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर नैराश्य निम्म्याने कमी होऊन सोबत शारीरिक मोजमापेही सुधारलेल्यांचे प्रमाण या गटात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त होते.

प्रत्येक दवाखान्यात असा समन्वयक नसतो. पण तुमचे दोन डॉक्टर एकमेकांचे कागद पाहतील एवढे तुम्ही नक्की करू शकता. एकच फाइल ठेवा आणि ती दोघांनाही दाखवा.

*समुपदेशन आणि मानसोपचार.* सौम्य नैराश्यात बहुतेक वेळा सुरुवात इथून होते. यात "सकारात्मक विचार करा" असा उपदेश नसतो. "आता सगळं संपलं" यासारखा विचार खरा आहे का, हे तपासायला शिकवले जाते. उत्साह येण्याची वाट न पाहता छोटी कृती आधी करायची, हेही त्यात येते. उदाहरणार्थ, पहिल्या आठवड्यात दुपारच्या जेवणानंतर फक्त दहा मिनिटे अंगणात किंवा गच्चीवर चालणे. ते साखरेलाही उपयोगी आणि मनालाही.

*औषधे.* मध्यम किंवा तीव्र नैराश्यात गोळ्या लागतात. त्याबाबत एवढे लक्षात ठेवा:

- परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायद्याला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.
- बरे वाटल्यानंतरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात.
- सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे मधुमेहात बहुधा पसंत केली जातात. ती सुरू केल्यावर काहींची साखर थोडी खाली येते, म्हणून पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा मोजा.
- मिर्टाझापिनसारख्या काही औषधांनी भूक आणि वजन वाढू शकते. ड्युलॉक्सेटिन हे औषध पायांच्या मज्जातंतूंच्या वेदना आणि नैराश्य दोन्हींवर वापरले जाते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला योग्य असेलच असे नाही.
- झोपेच्या गोळ्या वेगळ्या असतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेत राहिल्यास सवय लागते, आणि वयस्कर व्यक्ती पडण्याचा धोका वाढतो. त्या नैराश्य बरे करत नाहीत.

घरच्यांनी काय करावे?

मधुमेह असलेल्या माणसाच्या घरात नकळत पोलीस ठाणे तयार होते. "परत चहा?", "काल जिलेबी खाल्लीस ना, मग बघ आता." हेतू प्रेमाचा असतो, पण ऐकणाऱ्याला ती रोजची झडती वाटते. मग तो चोरून खातो आणि खोटे आकडे सांगतो.

- आकड्याआधी माणसाची चौकशी करा. "साखर किती आली?" याआधी "झोप लागली का रात्री?" असे विचारा.
- "मन घट्ट कर", "एवढं काय झालंय, लोकांना कॅन्सर होतात" असे म्हणू नका. नैराश्य हा मनाचा कमकुवतपणा नाही.
- एकट्यासाठी वेगळे पथ्याचे ताट वाढण्यापेक्षा सगळ्या घरानेच ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, उसळ, कमी गोड असे जेवण घ्या.
- "चालायला जा" ऐवजी "चल, मी पण येतो" म्हणा.
- आजार घरातल्या बाईला असेल तर तिच्या वेळेकडे बघा. सगळ्यांना वाढून शेवटी उरलेले खाणे, उपवासाला दिवसभर चहा आणि साबुदाण्याची खिचडी, स्वतःच्या तपासणीची तारीख पुढे ढकलणे हे सगळे तिच्या साखरेत उतरते. तिचा थकवा "कामाचा" म्हणून सोडून देऊ नका.
- आणि स्वतःकडेही लक्ष द्या. दीर्घकाळ सेवा करणाऱ्यालाही नैराश्य येऊ शकते.

मदत कुठे मिळेल?

सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. पुढील तपासणीत स्वतःहून सांगा, "साखरेइतकंच मला मनाबद्दलही बोलायचं आहे." जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये मानसोपचार विभाग असतात. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागातही उपचार मिळतात, दाखल व्हावेच लागते असे नाही.

केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. मराठीतही बोलता येते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. आपल्या पॉलिसीतील अटी एकदा पाहून घ्या.

ताबडतोब मदत केव्हा घ्यावी?

- मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, किंवा "आता माझं काही खरं नाही, सगळं मुलाच्या नावावर करा" अशी निरवानिरवीची भाषा सुरू झाली असेल तर.
- खाणे-पिणे किंवा इन्सुलिन मुद्दाम बंद केले असेल तर.
- इन्सुलिन किंवा गोळ्या जास्त घेतल्याचा संशय असेल तर. व्यक्ती ठीक दिसत असली तरी लगेच रुग्णालयात न्या.

अशा वेळी व्यक्तीला एकटे सोडू नका. औषधे आणि इन्सुलिन घरच्यांनी ताब्यात ठेवावे आणि ठरलेला डोस स्वतः द्यावा. "तुमच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" असे सरळ विचारा. विचारल्याने असे विचार मनात येत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते का?*
दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसारखे व्यसन लागत नाही. मात्र अचानक बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता, झोप बिघडणे असे होऊ शकते. म्हणून त्या हळूहळू कमी करतात.

*आधीच इतक्या गोळ्या आहेत, आणखी एक कशाला?*
मन सावरले की बाकीच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, चालणे सुरू होते. त्यामुळे कधी कधी साखरेची औषधे कमीही करता येतात.

*योग, ध्यान, नामस्मरण यांचा उपयोग होतो का?*
ताण आणि झोपेसाठी होऊ शकतो. ज्यात मन रमते ते जरूर करा. पण मध्यम आणि तीव्र नैराश्यात ते औषधांच्या जोडीला असावे, औषधांच्या जागी नाही.

*मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्याचे लोकांना कळले तर?*
तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. आणि लोक काय म्हणतील यापेक्षा तुम्हाला रात्री झोप लागते का, हे महत्त्वाचे.

शेवटी

आपल्या काकांचे काय झाले? त्यांचे इन्सुलिन आधी कमी केले, म्हणजे साखर खाली जाण्याची भीती गेली. बी-१२ कमी होते, ते भरून काढले. नैराश्याची एक गोळी सुरू झाली. वडिलांच्या पायाबद्दल दोन भेटींत सविस्तर बोलणे झाले, आणि त्यांच्या स्वतःच्या पायांची तपासणी त्यांच्यासमोर करून पाय ठणठणीत असल्याचे दाखवले. पहिला महिना फारसा फरक नव्हता. दुसऱ्या महिन्यात ते संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ लागले. सहा महिन्यांनी एचबीए१सी ७.६ आला. तो अजून सातच्या खाली नव्हता, पण घरात कोणी त्यावरून बोलले नाही. कारण त्या आठवड्यात काका पुन्हा भजनाला गेले होते.

पुढच्या तपासणीला जाताना रिपोर्टसोबत एक कागद न्या. त्यावर गेल्या महिन्यात किती गोळ्या किंवा इंजेक्शने राहून गेली, झोप कशी होती, आणि आवडीची कोणती गोष्ट बंद पडली, हे लिहा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी तो कागद त्यांच्यासमोर ठेवा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या मनाने औषधे सुरू किंवा बंद करू नका. आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*